मुक्त संगणकप्रणाली आणि आपले वसतिगृह
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मी केवळ मॅट्रिक झालेला एक निवृत्त शिक्षक. मी संगणकाविषयी बोलावे, हे पुष्कळांस धाडसाचे वाटेल. परंतु एका चुकीची कबुली द्यावयाची आहे, म्हणून उभा राहिलो आहे.

आपल्या विद्यार्थी वसतिगृहात सहा संगणक आहेत. ते घेतले तेव्हा चार पैसे वाचावेत म्हणून त्यांवर विंडोजची विनापरवाना प्रत घालण्यास मीच संमती दिली. परक्याच्या काडीलाही हात लावू नये, असे ज्या मुलांना शिकविले, त्यांच्यापुढे मीच हा कित्ता ठेवला! आता विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून आपली जुनी यंत्रे पुढील आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत. नवी यंत्रे घ्यावीत, अशी सूचना मंडळापुढे आहे. आणि तो खर्च शिष्यवृत्ती निधीतून व्हावयाचा आहे.

बंधुभगिनींनो, याहून सरळ मार्ग उपलब्ध आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा जगापुढे ठेवला. या दोहोंच्या संयोगातून डेबियन, उबुंटू यांसारख्या मुक्त प्रणाली उदयास आल्या. त्या वापराव्यात, त्यांची रचना अभ्यासावी, त्यांत सुधारणा करावी आणि त्या दुसऱ्यास द्याव्यात, ही मोकळीक त्यांचा परवानाच देतो. प्रत काढून शेजाऱ्यास देणे एरवी अपराध ठरते. येथे तो परोपकार ठरतो. विद्या दिल्याने वाढते, हे आपले जुने तत्त्व याहून निराळे काय सांगते?

हा प्रयोग नवखा नाही. केरळ राज्याने सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवरच उभे केले आहे. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेनेही 'बॉस' नावाची मुक्त प्रणाली भारतीय भाषांची सोय करून सिद्ध केली आहे.

अडचणी नाहीत, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः एका यंत्रावर लिनक्स घातले, तेव्हा मराठी कळफलक जुळवून घेण्यात दोन दिवस गेले आणि छपाईयंत्राने चांगलेच रडविले. अखेर वसतिगृहातील मुलांनीच मला वाट दाखविली. मंडळाचे हिशेब टॅलीवर चालतात. तो एक संगणक रीतसर परवाना घेऊन विंडोजवरच राहू द्यावा. परंतु निबंध लिहिणे, वाचणे, पत्रव्यवहार करणे आणि संगणकशास्त्राचे प्राथमिक धडे गिरविणे, यांसाठी जुनी यंत्रे अद्याप समर्थ आहेत.

म्हणून माझी नम्र विनंती एवढीच, की प्रथम दोन यंत्रांवर तीन महिने हा प्रयोग करावा. तो यशस्वी झाल्यास उरलेल्या तीन यंत्रांवरही तीच प्रणाली घालावी आणि वाचलेला निधी गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीच राखावा. माझ्या हातून झालेली चूक माझ्या डोळ्यांदेखत सुधारली, तर या म्हाताऱ्या मास्तराला समाधान लाभेल.