पस्तिसाचा हिशेब



महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ पासून गायीच्या दुधास लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केले. ऑक्टोबरपासून ते ७ रुपये केले. मोठाच दिलासा! परंतु त्याच वेळी दूध संघांनी द्यावयाचा दर ३० रुपयांवरून २८ वर आला. बेरीज पूर्वीही ३५, नंतरही ३५. दुधाच्या पगारात हाती पडणारे २ रुपये तेवढे अनुदानाच्या रांगेत जाऊन बसले. ती रांग गायीच्या कानातील १२ आकडी बिल्ला, आधार आणि बँक खाते जुळले तरच पुढे सरकत असे. एक आकडा चुकला, की रक्कम अडली. पेंडीचा दुकानदार तोवर थोडाच थांबतो? त्रुटी नेमकी कशात आहे, हे गोपालकाला संकलन केंद्रावरच लेखी का कळू नये?