बदली शिक्षकाची पूर्वतयारी



रजेवर गेलेल्या सहकाऱ्याच्या जागी काही काळ वर्ग चालविण्याचा प्रसंग आपणांपैकी प्रत्येकावर केव्हा ना केव्हा येतो. हे काम केवळ वर्ग सांभाळण्याचे, अशी एक समजूत आढळते. ती सोडून दिली पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांचे वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन व्हावयास हवे. म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. १२ दिवस वर्ग नुसता सांभाळला गेला, तर मुलांचे ४८ तास बुडाले. प्रसूती रजा तर १८० दिवसांची असते. नुकतीच अक्षरे जुळवू लागलेल्या मुलाची ही हानी कोण भरून देणार?

तेव्हा तयारी आदल्या दिवशीच करावी. मुख्याध्यापकांकडून हजेरीपत्रक, वेळापत्रक व टाचणवही मागून घ्यावी. मुलांची नावे वाचून ठेवावीत. टाचणवहीवरून धडा कोठवर झाला ते कळते. तो कोणाला समजला ते कळत नाही. याकरिता पहिल्या दिवशी नवा धडा न काढता प्रत्येक मुलाकडून चार ओळी वाचून घ्याव्यात आणि हातच्याची एक वजाबाकी करवून घ्यावी.

५२ मधून २७ वजा करताना दोन मुलांनी ३५ हे उत्तर लिहिले, असे समजा. ते कसे आले, हे मुलांनाच विचारावे. एकाने २ मधून ७ जात नाहीत म्हणून उलट ७ मधून २ काढलेले असतात. दुसऱ्याने दशक उसना घेतला, पण तो ५ मधून कमी करावयाचा राहिलेला असतो. उत्तर एकच, उपाय मात्र निरनिराळे. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील, दुसऱ्याला मांडणीकडे लक्ष देण्याची सवय लावावी लागेल.

“आमच्या बाई असं शिकवत नाहीत,” असे एखादे मूल म्हणाले, तर राग मानू नये. बाईंची रीत त्याच्याकडूनच समजून घ्यावी व शक्य तोवर तीच पुढे चालवावी.

शेवटच्या दिवशी काय झाले, काय राहिले आणि कोणते मूल कोठे अडते, हे टाचणवहीत लिहून ठेवावे. रजेवरून परतणाऱ्या शिक्षकास या नोंदीवरून दुसऱ्याच दिवशी पुढील काम सुरू करता येईल. ही नोंद केल्यावाचून कोणीही वर्ग सोडू नये, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.