‘भेटून बोलू या’ म्हणण्याआधी
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या गटाची शनिवारची बैठक मोबाईलवर गेली. आता सगळ्याजणी सहभागी होतील, असं मीच उत्साहाने म्हटलं होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया 33 टक्के आढळल्या, पुरुष 57 टक्के. स्वतः वापरायचा मोबाईल निम्म्याहून थोड्याच जास्त बायकांकडे. आमच्या ‘सगळ्याजणीं’मधून कितीजणी पहिल्याच दिवशी गळल्या असतील!

घरकाम करणाऱ्या एक मावशी मुलाच्या फोनवरून बोलके निरोप पाठवायच्या. त्यांना लिहिता येत नाही. ‘लिहून पाठवा ना, ऐकायला वेळ लागतो,’ असं मी कळवलं. एरवी बैठकीत याच मावशी अर्धा अर्धा तास बोलायच्या आणि आम्ही मन लावून ऐकायचो. माझ्या त्या वाक्यानंतर निरोप थांबले.

म्हणून भेट चांगली आणि मोबाईल वाईट, असं मात्र मला म्हणवत नाही. बैठक संध्याकाळी सहाची. ज्यांच्या घरी तेव्हा दुसरं कुणी पोळ्या लाटतं, त्याच वेळेवर येतात. कोण पुढे बसतं, कोण दाराशी, कप कोण उचलतं, हेही आपण पाहतोच.

आमच्यातली एक दलित कार्यकर्ती तीन वर्षं बैठकीत फारशी बोलली नव्हती. एका रात्री तिने व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘वस्तीत फिरायला आम्ही आणि परिषदेत निबंध वाचायला तुम्ही. असं का?’ एकोणीसजणींनी वाचलं, कुणीही उत्तर दिलं नाही. सकाळी मी लिहिलं, ‘असं लिहिण्याने गैरसमज होतात. भेटून बोलू या.’

भेटलो, तेही माझ्या घरी. आम्ही पाचजणी उच्चवर्णीय, ती एकटी. दीड तास तिच्या भाषेवर बोललो. प्रश्न तसाच राहिला.

दलित स्त्रियांचं बोलणं वेगळं का, यावर गोपाळ गुरू यांनी 1995 मध्ये लिहिलं, शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये. एमएसडब्ल्यू करताना या लेखांची मी टिपणं काढली होती. गुणही चांगले पडले!

लिहिताना तिला मध्येच कुणी तोडू शकत नव्हतं, आणि एकोणीस साक्षीदार होत्या. माझ्या घरात जागा माझी, साक्षीदारही माझ्याच. समोरासमोर बसण्यातली माया मी खोटी म्हणत नाही. पण ‘भेटून बोलू’ हे त्या दिवशी मी तिला गप्प करण्यासाठीच वापरलं.

आता लेखी प्रश्नाला आम्ही आधी लेखी उत्तर देतो, सगळ्यांसमोर. बोलके निरोप पाळीपाळीने ऐकून लिहून काढतो. कंटाळवाणं काम आहे, पाळ्या चुकतात. बैठक दुपारी वस्तीतच होते. मावशी येतात. ती कार्यकर्ती परत आलेली नाही, आणि तिच्या प्रश्नाचं आमचं लेखी उत्तर तिला आठ महिने उशिरा गेलं.

तुमच्या गटात असे निरोप कोण ऐकतं, तिथून चर्चा सुरू करू.