रूटचा पासवर्ड कोणाकडे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, वस्तीत काम करणारी बाई. तरी आज युनिक्स सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेशनच्या प्रशिक्षणवर्गांविषयी बोलणार आहे. नाव अवघड आहे, प्रश्न मात्र आपल्या कपाटाच्या किल्लीचा आहे.

हिंसाचाराच्या केसेसचे कागद पूर्वी लोखंडी कपाटात असत आणि किल्ली केंद्रातल्या ताईच्या कमरेला. आता तेच कागद संगणकात आहेत. बाईचं नाव, ती सध्या कुठे राहते, मुलांची शाळा, सगळं. आणि किल्ली? कितीतरी संस्थांत ती अधूनमधून येणाऱ्या 'कॉम्प्युटरवाल्या दादां'कडे असते. दादा भले असतील. पण नवऱ्यापासून लपून राहिलेल्या बाईचा पत्ता सुरक्षित राहणं दादांच्या भलेपणावर सोडायचं का?

युनिक्सची सुरुवात 1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी केली. एकच यंत्र अनेकांनी वापरायचं, म्हणून त्यात प्रत्येक फाइलला मालक असतो, गट असतो आणि 'इतर' असतात. वाचायचं कोणी, बदलायचं कोणी, चालवायचं कोणी, हे तिघांसाठी वेगवेगळं ठरवता येतं. या साऱ्यांच्या वर 'रूट'. त्याला एरवी काहीच बंद नसतं; वाचेल, बदलेल, पुसून टाकेल. 1991 साली आलेलं लिनक्स याच धाटणीचं आहे आणि ते विनामूल्य मिळतं. वर्गात शिकवतात ते हेच: खाती उघडणं, परवानग्या लावणं, कोण कधी यंत्रात शिरलं याच्या नोंदी वाचणं, बॅकअप घेणं. बॅकअप तर परत उतरवून पाहिल्याशिवाय झाला असं धरायचंच नाही. केसपेपर ठेवणाऱ्या आपल्याला यातलं परकं काय आहे?

आता मुलींचं. आमच्या वस्तीतल्या बी.एस्सी. झालेल्या एका मुलीला हा कोर्स करायचा होता. क्लासवाले म्हणाले, "सर्व्हर रात्री-अपरात्री बंद पडतो, मुलींना जमत नाही. वेब डिझाइन घे." ती अडून बसली, आम्हीही सोबत गेलो, प्रवेश मिळाला. पण लॅबमध्ये एका यंत्रावर दोघं. कीबोर्ड मुलाच्या हातात आणि ही वहीत कमांड उतरवून घेणारी. अक्षर सुरेख हो! पण रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा चालू यंत्रावर कामं करून दाखवण्याची असते. तिथे वहीचा काय उपयोग? आम्ही पुन्हा गेलो आणि तिच्यासाठी यंत्रावरचा स्वतंत्र तास मागून घेतला. फीची सवलत मागताना आपण हे विचारायला विसरतो.

'मुलींना जमत नाही' म्हणणाऱ्यांना एव्ही नेमेथ हे नाव सांगा. कोलोरॅडो विद्यापीठातल्या या प्राध्यापिकेने सहकाऱ्यांसह लिहिलेलं युनिक्स ॲडमिनिस्ट्रेशनचं हँडबुक 1989 साली आलं. पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि पुरुष ॲडमिनिस्ट्रेटरांच्या पिढ्या ते पुस्तक उशाशी ठेवून शिकल्या.

रात्रपाळीचा मुद्दा खोटा नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रीची संमती असेल तर तिला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम देता येतं. पण तिची सुरक्षितता, लैंगिक छळापासून संरक्षण आणि घराच्या दारापर्यंत वाहन या अटींवर. मुलाखतीलाच गाडीचं विचारायचं. 'घरूनच सर्व्हर सांभाळ' असंही सांगतात आणि ते शक्य असतं. मात्र रात्री दोनला उठलेल्या सुनेला सकाळचा डबा कोण माफ करतं, तेही बोलायला हवं.

माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक गटाने एकीला तरी हे शिकायला पाठवावं, आणि तिला त्या दिवसांचं मानधन द्यावं. तोवर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले लिनक्सचे धडे मराठीतून, विनामूल्य ऐकता येतात. जुन्या संगणकावर लिनक्स बसवून सराव करा. त्यावर केसेस ठेवू नका, म्हणजे मोडलं तरी बिघडत नाही. आणि परत गेल्यावर आधी दादांना फोन करून विचारा, आपल्या यंत्राचे पासवर्ड कोणाकोणाकडे आहेत.