वेतोबाच्या चपला

(सप्तापूर येथे मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेले. फायलीवर शेरा मारण्यापलीकडे आमच्या हातून फारसं लेखन झालेलं नाही. कार्यवाहांनी "प्रवासाबद्दल काहीतरी बोला" असं सांगितलं, तेव्हा आम्ही विषय दिला 'भुतं'. त्यांचा चेहरा पडला. गणपतीपुढे भुतांचं काय काम? पण बाप्पाचं नावच गणपती, म्हणजे गणांचा पती. आणि त्याच्या वडिलांचे गण कोण, तर भूत, पिशाच, वेताळ. तेव्हा आज आम्ही बाप्पाच्या घरच्याच मंडळींबद्दल बोलणार आहोत.

सुरुवात आमच्या मुलीपासून झाली. ती नववीत आहे आणि तिला जपानी चित्रकथांचं वेड आहे. एका रात्री जेवताना तिने साकाइमिनातो या गावाची हकिकत सांगितली. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे मासेमारीचं बंदर. शिगेरू मिझुकी हा चित्रकार तिथे लहानाचा मोठा झाला. घरी कामाला येणारी एक गरीब म्हातारी त्याला भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. पुढे तो युद्धावर गेला, बॉम्बहल्ल्यात डावा हात गमावून परत आला आणि उरलेल्या एका हाताने त्याने जन्मभर त्या म्हातारीची भुतं काढली. २०१५ साली तो वारला. गावातला बाजार ओस पडायला लागला होता, तेव्हा गावाने १९९३ साली रस्त्याच्या कडेला त्याच्या भुतांचे २३ ब्राँझचे पुतळे बसवले. पुढे ते वाढत वाढत १७७ झाले. तिथे जाणाऱ्या आगगाडीवर भुतांची चित्रं आहेत, आणि त्या मार्गावरच्या प्रत्येक स्टेशनाला एकेका भुताचं टोपणनाव आहे. दूरदूरून लोक मुलाबाळांना घेऊन ती भुतं बघायला येतात.

मुलगी एकेक भूत सांगत होती. कप्पा हे पाण्यातलं भूत, त्याच्या डोक्यावर पाण्याची वाटी असते. नुरिकाबे म्हणजे रात्री वाट चालणाऱ्यापुढे उभी राहणारी न दिसणारी भिंत. माणूस कितीही चालला तरी पुढे जात नाही.

आमची आई ताटावरून मान वर न करता म्हणाली, "म्हणजे चकवाच की."

"चकवा म्हणजे काय, आज्जी?"

आईने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही गं. जेव तू."

तो घास आमच्या घशात अडकला. का, ते सांगायला हवं. आमच्या आईचं माहेर कोकणातलं, वेंगुर्ल्याकडचं. लग्न होऊन ती धारवाडला आली ती भुतांची अख्खी शिरगणती बरोबर घेऊन. आमचं बालपण त्यावरच गेलं. पण आमची मुलगी चार-पाच वर्षांची असताना एका रात्री दचकून उठली आणि पिंपळावरच्या मुंजाचं नाव घेऊन रडायला लागली. आम्ही आईला जरा वरच्या आवाजात सांगितलं, "आई, यापुढे या घरात भुतांच्या गोष्टी नकोत." आईने तो हुकूम दहा वर्षं पाळला. आम्ही तर ते विसरूनही गेलो होतो. परिणाम काय झाला? आमच्या मुलीला जपानची दहा भुतं तोंडपाठ, आणि चकवा हा शब्दसुद्धा माहीत नाही.

आमच्या वयाच्या मंडळींना १९९० च्या सुमाराचं 'नाळे बा' आठवत असेल. रात्री एक बाई दार वाजवते आणि घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, अशी आवई कर्नाटकभर उठली होती. उपाय एकच, दारावर 'नाळे बा' म्हणजे 'उद्या ये' असं लिहून ठेवायचं. ती ते वाचून परत जायची, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचायची. आमच्या आईनेही खडूने लिहिलं होतं, आणि तेही कन्नडमध्ये. ती म्हणाली, "इथलं भूत आहे, त्याला मराठी कुठून वाचता येणार?" तेव्हा आम्ही हसलो होतो. पण बघा, आपण या गावात पिढ्यान्‌पिढ्या कसे राहिलो हे त्या एका वाक्यात आलं. बाहेरच्या भुताशी कन्नड बोलायचं, घरातल्या भुताशी मराठी. बाहेरचं आम्ही सांभाळलं. घरातल्याला मात्र आम्हीच 'नाळे बा' लिहून दिलं.

जेवण झाल्यावर आई एवढंच म्हणाली, "अरे, बाकीचं राहू दे. तो वेतोबा वीस वर्षं तुझ्यापायी अनवाणी फिरतोय, त्याचं काय ते बघ."

आम्हाला सरकारी नोकरी लागावी म्हणून तिने आरवलीच्या वेतोबाला चपलांचा जोड बोलला होता. नोकरी लागली, पगार सुरू झाला, नवस राहून गेला. नव्या भक्तांसाठी सांगतो, आरवली हे वेंगुर्ले तालुक्यातलं, शिरोड्याला लागून असलेलं गाव. तिथला ग्रामदेव वेतोबा, म्हणजे भुतांचा राजा वेताळ. तो रात्री गावाच्या शिवेवर राखण करत फिरतो, त्यामुळे त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याच्या चपला वाहतात. चपला साध्या नाहीत, देवाच्या पायाच्या! आम्ही अथणीकडच्या एका सहकाऱ्याला सांगितलं. कोल्हापुरी म्हणून विकली जाणारी चप्पल आपल्या बेळगाव-धारवाड भागातही होते, तिच्या २०१९ च्या मानांकनात आपले जिल्हेही आहेत. कारागिराने फोनवर विचारलं, "साहेब, नंबर किती?" आम्ही म्हटलं, "दीड फूट." तो जरा थांबून म्हणाला, "गिऱ्हाईक कोण आहे?"

डिसेंबरात निघालो. बेळगाव, आंबोली, सावंतवाडी करत आरवलीला पोहोचलो. देवळात वेतोबा उभा आहे, माणसाहून किती तरी उंच, हातात तलवार, मोठे डोळे, भरघोस मिशा. पूर्वी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. समोर केळ्यांचे घड आणि चपलांचे जोडच्या जोड. मुलगी दारातच थबकली. आईने तिचा हात धरला, आणि कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून माहेरची बोली आली, "भियातंस कित्याक गो? तो आपलो राखणदार."

आम्ही चपला ठेवल्या. आईने हात जोडले आणि पुटपुटली, "उशीर झाला, सांभाळून घे." आम्हाला वाटलं होतं ती रडेल. ती हसत होती.

हे गाव लेखकांच्या ओळखीचं. जयवंत दळवी आरवलीचे, 'सारे प्रवासी घडीचे'मधली माणसं याच मातीतली. शेजारच्या शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर शिकवायचे. साकाइमिनातोत पुतळे बसवून भुतं जपली. इथे भुतांच्या राजाला लोकांनी घरातला वडीलधारा करून टाकलं. गोव्यात बेताळभाटी या गावाचं नावच बेताळावरून पडलंय. ज्याची भीती वाटते त्यालाच राखणीला ठेवायचं, ही किनाऱ्यावरच्या माणसांची अक्कल मोठी म्हटली पाहिजे.

परतताना आंबोलीच्या घाटात अंधारलं. धुकं एवढं की दिव्यांच्या उजेडात चार हातांपलीकडे रस्ता दिसेना. मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, "आज्जी, आता सांग ना, चकवा म्हणजे काय?"

आई गप्प राहिली. मग आम्हाला हळूच विचारलं, "सांगू का रे?"

मंडळी, ज्या आईने आम्हाला बोलायला शिकवलं, ती आमच्याच गाडीत बोलायला आमची परवानगी मागत होती. आम्ही गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "सांग. सगळं सांग."

आणि बेळगाव येईपर्यंत ती सांगत होती. चकवा लागला तर धावायचं नाही, आहे तिथे बसायचं आणि उजाडायची वाट बघायची. गिऱ्हा पाण्यात असतो, मुलगी म्हणाली, "म्हणजे कप्पा!" मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा. हडळ, जखीण, खवीस, समंध, झोटिंग, आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा देवचार. ऐकताना आम्हाला पहिल्यांदाच जाणवलं की प्रत्येक भुतामागे एक माणूस आहे. लहानपणी गेलेला मुलगा, बाळंतपणात गेलेली बाई, वाटेत हरवलेला प्रवासी. ज्यांचं दुःख कोणी लिहून ठेवलं नाही, त्यांची आठवण आज्ज्यांनी भुताच्या रूपाने ठेवली.

गैरसमज नको. भुताच्या नावावर पैसे उकळणारे, बायाबापड्यांना छळणारे बुवा-मांत्रिक आम्ही नोकरीत पाहिले आहेत. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ साली आणि आपल्या राज्यात २०१७ साली कायदा झाला, तो योग्यच झाला. भुतावर विश्वास ठेवा असं आम्ही म्हणत नाही. भुताची गोष्ट ऐका, एवढंच म्हणतो. या दोन गोष्टींत फरक आहे हे आम्हाला कळलं नाही, म्हणून आमच्या घरातली दहा वर्षं वाया गेली. वेताळपंचविशीतला वेताळ राजा विक्रमाच्या खांद्यावर बसून काय करतो? मानगूट नाही मोडत, पंचवीस गोष्टी सांगतो. आपल्याकडच्या भुतांचा राजाच मुळात कथेकरी आहे.

आपल्याकडे ब्राँझच्या पुतळ्यांना पैसे नाहीत, जागा नाही. पण मिझुकीची सुरुवात पुतळ्यापासून झाली नव्हती. एक म्हातारी सांगत होती आणि एक पोरगा ऐकत होता. तेवढं भांडवल या सभागृहात भरपूर आहे. आमच्या मुलीने शंभर पानी वही केली आहे. आज्जी सांगते, ती लिहिते आणि चित्र काढते. मराठी शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी आहेत, मधेच कन्नड शब्द येतात. आम्ही लाल पेन हातात घेतलेलं नाही.

आमची एकच विनंती आहे. आज आरती करून घरी गेलात की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि एक भूत विचारा. त्यांनी आपल्याला परवानगी मागण्याची वेळ येऊ देऊ नका.

आईला आता झोप कमी लागते. परवा रात्री दोन वाजता म्हणाली, "चपला त्याला बरोबर बसल्या असतील ना रे?" आम्ही म्हटलं, "बसल्या असतील आई, तो फिरायला गेला असेल."

गणपती बाप्पा मोरया!