कारंज्याच्या पोथ्या आणि प्राध्यापकाची शिदोरी

महाविद्यालयांतील अध्यापकास संशोधनासाठीं पैसा कोठून मिळतो, हा प्रश्न वरवर पाहतां हिशेबनिसाच्या दप्तरांतला वाटतो. रजा, प्रवासखर्च, नकलनविसाची मजुरी, छापखान्याचें बिल या गोष्टी ग्रंथाच्या प्रस्तावनेंत आभाराच्या दोन ओळींत आटोपतात आणि वाचकाचें लक्ष मूळ ग्रंथाकडे वळतें. परंतु तो ग्रंथ वाचकाच्या हातीं येण्यापूर्वीं कोणीं तरी पोथी जपलेली असते, कोणीं तरी ती उतरून काढलेली असते, आणि या सर्वांच्या पोटाची तरतूद कोणीं तरी केलेली असते. ही तरतूद कशी होते व ती नसली म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें असल्यास दूर जावयास नको. वऱ्हाडांतील कारंजा या गांवची हकीकत त्यास पुरेशी आहे.

कारंजा लाड हें आज वाशीम जिल्ह्यांत मोडतें. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा निघाला. गांव जुनें, व्यापारी व संपन्न. दिगंबर जैनांच्या सेनगण व बलात्कारगण या दोन परंपरांचीं भट्टारकपीठें येथें नांदलीं, आणि पीठ म्हटलें कीं त्यामागें ग्रंथभांडार आलेंच. संस्कृत, प्राकृत व अपभ्रंश भाषांतील पोथ्या येथील मंदिरांत पिढ्यान्‌पिढ्या बासनांत बांधलेल्या राहिल्या. त्यांची पूजा होत होती. वाचन मात्र क्वचित्. १९२६ सालीं रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूचि सरकारतर्फे प्रसिद्ध केली, तेव्हां कारंज्याच्या या ठेव्याची वार्ता बाहेरच्या विद्वानांस नीट कळली. सूचि करणें हें सरकारचें काम होतें आणि तें सरकारनें केलें. पण सूचि म्हणजे कांहीं ग्रंथ नव्हे.

पुढचें काम ज्यांनीं केलें त्यांचेंहि नांव हिरालालच होतें, त्यामुळें वाचकांचा नेहमीं घोटाळा होतो. हे डॉ. हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांत संस्कृतचे प्राध्यापक. वर्ग घेणें, परीक्षा तपासणें, हा सरकारी कॉलेजांतील अध्यापकाचा नित्यक्रम सांभाळून त्यांनीं कारंज्याच्या पोथ्यांना हात घातला. अपभ्रंश ही त्या काळीं अभ्यासकांसहि अपरिचित अशी भाषा होती. तिचे छापील ग्रंथ बोटांवर मोजण्याइतके. एक ग्रंथ संपादावयाचा म्हणजे प्रथम त्याच्या निरनिराळ्या ठिकाणच्या प्रती मिळवावयाच्या, त्या ओळीनें ताडून पाहावयाच्या, पाठभेद टिपावयाचे, शब्दकोश करावयाचा, छंद उलगडावयाचे, आणि शेवटीं ज्या ग्रंथास शंभर ग्राहक मिळण्याची खात्री नाहीं तो छापावयाचा. यांतील बुद्धीचा भाग प्राध्यापकानें आपल्या रात्री खर्चून भागविला तरी छापखाना रात्रींवर चालत नाहीं.

तो पैसा गांवानें दिला. कारंज्यास ‘अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला’ निघाली. तिच्यांत डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं संपादिलेलें पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ १९३१ सालीं बाहेर आलें. १९३२ ते १९३४ या अवघ्या तीन वर्षांत हिरालालजींचीं ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’ व ‘करकंडचरिउ’ हीं चार संपादनें कारंज्याहून निघालीं. शेवटच्या काव्यांत तेरापूरच्या गुंफांची कथा आहे. त्या गुंफा म्हणजेच धाराशिवचीं लेणीं. वऱ्हाडांतील एका भांडारांतून मराठवाड्यांतील लेण्यांच्या इतिहासावर प्रकाश पडावा, ही गोष्ट केवळ त्या पोथीच्या छपाईचा खर्च कोणी उचलला म्हणून घडली.

येथें एक गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे. पुष्पदंत हा दहाव्या शतकांतला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानींत राहिलेला कवि. श्रांत आणि उद्विग्न स्थितींत आपण त्या नगराबाहेरच्या उपवनांत येऊन पडलों होतों, आणि भरत नांवाच्या मंत्र्यानें आपणांस घरीं नेऊन काव्यास प्रवृत्त केलें, असें तो स्वतःच सांगतो. भरताच्या मागून त्याचा पुत्र नन्न यानें कवीचा सांभाळ केला, आणि ‘जसहरचरिउ’ व ‘णायकुमारचरिउ’ हीं काव्यें नन्नाच्या आश्रयास असतांना लिहिलीं गेलीं. म्हणजे काव्य जन्मण्यास एक आश्रयदाता लागला, आणि हजार वर्षांनीं तें छापण्यास दुसरा.

याहून मोठें काम पुढें अमरावतीस उभें राहिलें. ‘षट्खंडागम’ व त्यावरील वीरसेनाची ‘धवला’ टीका हे दिगंबर संप्रदायाचे मूळ ग्रंथ. त्यांच्या ताडपत्रावरील प्रती दक्षिणेंत मूडबिद्रीस कडेकोट बंदोबस्तांत होत्या. त्यांच्या नकला मोठ्या खटपटीनें उत्तरेकडे आल्या, आणि तशी एक प्रत कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमांतहि होती. भेलशाचे श्रीमंत शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या देणगीतून जैन साहित्योद्धारक फंड स्थापन झाला, आणि १९३९ पासून सुमारें वीस वर्षांत या ग्रंथाचे सोळा भाग प्रकाशित झाले. या योजनेंतील शहाणपण असें कीं, पैसा केवळ कागद-शाईवर गेला नाहीं. पंडित फूलचंद्र शास्त्री, पंडित बालचंद्र शास्त्री यांसारखे सहायक प्राध्यापकाच्या जोडीस बसविले गेले. एकट्या माणसाच्या सुट्ट्यांवर सोळा भाग होत नसतात.

या आश्रयपद्धतीचे दोषहि स्पष्ट आहेत, आणि जुन्या गोष्टींच्या मोहानें ते झांकूं नयेत. दाता आपल्या धर्माच्या, आपल्या जातीच्या ग्रंथांस देतो. त्याच गांवच्या लोकगीतांस, शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कागदांस अगर पिकांच्या रोगांस कोणी शेठ सांपडेलच असें नाहीं. दात्याचा उत्साह ओसरला कीं मालाहि थांबते. यासाठींच विद्यापीठाचा पैसा हवा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांतील डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांस मुंबई विद्यापीठाची स्प्रिंगर संशोधनवृत्ति मिळाली होती, ती कोणा शेठच्या मर्जीवर नव्हती. विषय आणि विद्वान् पाहून ती दिली गेली.

स्वातंत्र्यानंतर हा भार राष्ट्रानें घेतला. १९५३ सालीं विद्यापीठ अनुदान आयोग सुरू झाला व १९५६ च्या कायद्यानें त्यास अधिकार मिळाले. वाशीम जिल्ह्यांतील महाविद्यालयें पूर्वीं नागपूर विद्यापीठाकडे होतीं. १ मे १९८३ रोजीं अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यापासून तीं त्याच्याशीं संलग्न आहेत. महाविद्यालय या कायद्याच्या कलम २ (एफ) व १२ (बी) खालीं पात्र ठरलें कीं आयोगाच्या मदतीचें दार त्यास उघडतें. न ठरल्यास तेथील अध्यापक कितीहि व्यासंगी असो, तो दाराबाहेर. आयोगाच्या ज्या योजनांनीं तालुक्याच्या गांवीं खरें काम केलें त्या लहान होत्या: लघु संशोधन प्रकल्पांचें अनुदान, आणि पीएच्. डी. पुरी करण्यासाठीं मिळणारी अध्यापकवृत्ति. या वृत्तींत अध्यापकास पगारी रजा मिळे आणि त्याच्या जागीं दुसरा शिक्षक नेमतां येई. वर्ग बंद न पडतां माणूस मोकळा होई. याच जोडीला १९८६ च्या शिक्षणविषयक धोरणांतून अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजें निघालीं. नागपूरच्या अशा कॉलेजांत विदर्भांतील अध्यापक कांहीं आठवडे एकत्र राहून शिकत. २०२३ पासून हीं केंद्रें मालवीय मिशनच्या नांवानें चालतात. व्याख्यानांपेक्षां तेथील भोजनगृहांतल्या गप्पांचा उपयोग अधिक झाला, असें सांगणारे अध्यापक कमी नाहींत.

पंचवार्षिक योजनांशीं बांधलेला हा पैसा बारावी योजना ३१ मार्च २०१७ रोजीं संपल्यावर पूर्वीसारखा राहिला नाहीं. २०२३ च्या कायद्यानें अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झालें, आणि पांच वर्षांत पन्नास हजार कोटि रुपयांची अपेक्षा जाहीर झाली. त्यांतील मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यावयाचा आहे. आंकडा भव्य आहे खरा. परंतु त्या संस्थेचें क्षेत्र मुख्यतः विज्ञान व तंत्रज्ञान हें आहे. अपभ्रंशाची पोथी घेऊन तेथें जाणाऱ्यास फारसें आसन नाहीं. इतिहास व समाजशास्त्रें यांच्यासाठीं दोन संशोधन परिषदा दिल्लीस आहेत. परंतु दिल्लीच्या अर्जाचा नमुना भरण्यास जें कार्यालयीन साहाय्य लागतें तें लहान महाविद्यालयांत एका कारकुनाच्या टेबलावर, इतर दहा कामांच्या खालीं दबलेलें असतें. ग्रंथपाल, लिपिक, प्रयोगशाळेंतील सहायक यांच्या प्रशिक्षणावर खर्च करणें म्हणजे संशोधनावरच खर्च करणें होय, ही गोष्ट मंजुरी देणारांच्या लक्षांत क्वचितच येते.

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पांत ‘ज्ञान भारतम्’ या नांवानें हस्तलिखितांची नवी मोहीम जाहीर झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद व जतन करण्याचा तिचा संकल्प आहे, आणि त्यांत खासगी संग्रहहि धरले आहेत. कारंज्यासारख्या गांवीं ही मोहीम पोचेल तेव्हां पोथीचें छायाचित्र काढणारें यंत्र सहज मिळेल. पोथी वाचणारा मात्र जवळच्याच कोठल्या तरी महाविद्यालयांत शिकवीत असेल. त्याला आठवड्याचे दोन दिवस कोणी मोकळे करील काय, त्याच्या जागीं वर्ग कोण घेईल, आणि त्याच्या शेजारीं बसणाऱ्या सहायकाचा पगार कोणत्या खात्यांतून निघेल, हें त्या मोहिमेच्या कागदांत आधींच लिहून घेतलें पाहिजे.