मनातील बावन्न कामकरी



मी पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यात आणि युनियनच्या कचेरीत झाले. बौद्ध मानसशास्त्राची गोडी मला धर्मानंद कोसंबींमुळे लागली. गोव्यातील सांखवाळचे हे गृहस्थ पाली शिकण्यासाठी १९०२ साली सिंहलद्वीपास गेले आणि पुढे अनुरुद्धाचार्यांच्या 'अभिधम्मत्थसंगहा'वर त्यांनी 'नवनीतटीका' लिहिली.

त्या ग्रंथात ५२ चेतसिके मोजली आहेत. चित्त म्हणजे विषय जाणणे. त्याच्याबरोबर उपजणारे व मावळणारे जे धर्म, ती चेतसिके. स्पर्श, वेदना, संज्ञा, चेतना, एकाग्रता, जीवितेंद्रिय आणि मनसिकार ही सात प्रत्येक चित्तात असतातच. सहा प्रसंगाने येतात व बऱ्यावाईट दोहोंनाही साथ देतात. १४ अकुशल, २५ शोभन.

यांतील चेतनेला अट्ठकथेत थोरल्या सुताराची उपमा दिली आहे. तो स्वतः राबतो आणि इतरांनाही कामाला लावतो. आम्हां कामगारांना हा मुकादम लगेच ओळखू येतो!

आता माझीच गोष्ट सांगतो. एका संपात तडजोडीचा चांगला मसुदा एका तरुण सहकाऱ्याने आणला. मी तत्त्वाच्या नावाने तो उधळला. संप आणखी तीन आठवडे लांबला. कित्येकांच्या चुली विझल्या. शेवटी त्याच अटींवर सही झाली. मला वाटे, माझ्या मनात कामगारांचा कळवळा होता. पुढे हा ग्रंथ वाचताना 'इस्सा' शब्दापाशी मी थबकलो. दुसऱ्याचा उत्कर्ष न साहणे, म्हणजे इस्सा. ती द्वेषाच्याच कुटुंबातली. कळवळ्याचा सदरा घालून तीच माझ्या तोंडून बोलली होती.

मग पश्चात्तापाने झोप उडाली. पण ग्रंथकार कठोर! केल्या-न केल्याची टोचणी, म्हणजे 'कुक्कुच्च', हीसुद्धा त्यांनी अकुशलांतच घातली आहे. का? तळमळत बसल्याने कोणाची चूल पेटत नाही. म्हणून मी त्या सहकाऱ्याच्या घरी गेलो व चूक कबूल केली. पुढच्या सभेत सर्वांसमोर तेच सांगितले. इस्सेच्या उलट 'मुदिता', दुसऱ्याच्या यशाचा आनंद. ती शोभनांत आहे, पण आपोआप येत नाही. तिला बोलवावे लागते.

मित्रहो, सभेत हात वर करण्यापूर्वी क्षणभर पाहा: आज मुकादमाने कोणाला कामावर घेतले आहे? एवढे पाहिलेत तरी माझे बोलणे सार्थकी लागले.